कोंबड्यांची जाळी, पोस्टकार्ड आणि आकाश

गेल्या वर्षी दिवाळी पाडव्याला, २२ ऑक्टोबर २०२५ रोजी, पुण्यात एकनाथ चिटणीस गेले. वय शंभर वर्षं आणि वर जवळजवळ तीन महिने. फराळाच्या आणि ओवाळणीच्या गडबडीत ती बातमी बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटली असावी. त्याआधी पाच महिने, २० मेला, पुण्यातच जयंत नारळीकर गेले होते. ती बातमी मात्र घराघरांत पोचली, कारण नारळीकर आपल्याला पाठ्यपुस्तकातून, दिवाळी अंकातून, दूरदर्शनवरून ठाऊक होते. चिटणीसांचं नाव किती जणांना माहीत असेल?

दोघेही मूळचे कोल्हापूरचे. दोघांचा जन्म जुलैचा: चिटणीस २५ जुलै १९२५, नारळीकर १९ जुलै १९३८. दोघांनी आयुष्यभर आकाशाचाच उद्योग केला. तसं २०२५ हे वर्ष एकूणच वरती पाहणाऱ्या माणसांना जड गेलं. इस्रोचे माजी अध्यक्ष कस्तुरीरंगन एप्रिलमध्ये गेले, चंद्राला वळसा घालून कसेबसे परतलेल्या अपोलो १३ चे कप्तान जिम लोवेल ऑगस्टमध्ये. पण मला राहून राहून आठवतात ते हे दोघे कोल्हापूरकर, आणि त्याचं कारण थोडं विचित्र आहे. त्यांच्या कामाबद्दल जे जे वाचत गेलो, त्यात मोठमोठ्या यंत्रांपेक्षा किरकोळ वस्तूच जास्त भेटत गेल्या. खुराड्याला लावतात ती जाळी, पोस्टकार्ड, छापा-काटा. आकाश एवढं अफाट, आणि त्याला हात घालायची साधनं ही अशी!

चिटणीसांची गोष्ट सुरू होते ती एका जागेच्या शोधापासून. अहमदाबादेत विक्रम साराभाईंच्या हाताखाली त्यांनी विश्वकिरणांवर संशोधन केलं, मग अमेरिकेत एमआयटीत ब्रूनो रॉसी यांच्याकडे काम केलं, आणि साराभाईंनी बोलावलं तसे परत आले. देशात रॉकेट उडवायची होती. कुठून उडवायची हे ठरवण्यासाठी जे केरळच्या किनाऱ्यावर फिरले, त्यांत चिटणीस होते. नारळीच्या झाडांत दडलेलं थुंबा हे कोळ्यांचं गाव निवडलं गेलं. तिथे एक चर्च होतं, शेजारी बिशपचं घर. चर्चमध्ये कचेरी आणि प्रयोगशाळा थाटली गेली, रॉकेटचे भाग सायकलवरून नेले गेले. तो सायकलचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो आणि पाहून भारावलेलो असतो. पण थुंबाच का, हा प्रश्न त्या फोटोत मागेच राहतो.

होकायंत्राची सुई आपण नेहमी आडवीच पाहतो, कारण ती तशी टेकूवर बसवलेली असते. तीच सुई बरोबर मध्यावर दोरा बांधून मोकळी टांगली, तर पुण्यात ती उत्तरेच्या टोकाशी थोडी खाली झुकते. काश्मिरात आणखी झुकते. उत्तर चुंबकीय ध्रुवावर सरळ जमिनीकडे तोंड करून उभी राहते. म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या रेषा सगळीकडे जमिनीला समांतर नसतात. त्या जिथे अगदी समांतर, आडव्या असतात, ती रेषा म्हणजे चुंबकीय विषुववृत्त. नकाशावरच्या विषुववृत्ताशी ते जुळत नाही, आणि ते जागचं हलतही असतं. साठच्या दशकात ते थुंब्याच्या जवळून जात होतं.

या आडव्या रेषांच्या डोक्यावर एक नवल चालतं. जमिनीपासून सुमारे १०५ किलोमीटरवर, जिथे हवा जवळजवळ संपलेली असते आणि उरलेल्या कणांमधले इलेक्ट्रॉन उन्हाने सुटे झालेले असतात, तिथे दिवसा विजेचा एक अरुंद पट्टा वाहतो. तार नाही, खांब नाही, आणि हजारो अँपिअरचा प्रवाह. सूर्य मावळला की तो ओसरतो. खाली नारळ पाडणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो, पण चुंबकीय वेधशाळेतल्या नाजूक सुया दुपारी त्याच्यामुळे हलतात.

हा प्रवाह प्रत्यक्ष मोजायचा कसा? बलून तिथवर चढत नाही, चाळीसेक किलोमीटरवर त्याचा दम संपतो. उपग्रह तिथे टिकत नाही, उरल्यासुरल्या हवेने घासून काही वेळात खाली येतो. मधल्या त्या पट्ट्यात जाऊ शकतं ते फक्त रॉकेट, तेही वर जाता-येताना काही मिनिटं. म्हणून रॉकेट, म्हणून थुंबा. भारताच्या अवकाश कार्यक्रमाचं पहिलं पाऊल चंद्राच्या ओढीने पडलेलं नव्हतं. डोक्यावरून वाहणाऱ्या एका न दिसणाऱ्या नदीसाठी ते पडलं होतं, आणि मला हे सायकलच्या फोटोपेक्षा जास्त भारावून टाकणारं वाटतं.

२१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी पहिलं रॉकेट उडालं. अमेरिकेने दिलेलं नाइके-अपाचे, त्यात फ्रान्सहून आलेलं सोडियमच्या वाफेचं उपकरण. वेळ मुद्दाम कातरवेळेची निवडलेली होती. जमिनीवर सूर्य मावळलेला असतो, पण दीडशे-दोनशे किलोमीटर उंचीवर तो अजून मावळलेला नसतो. उंच डोंगराच्या शेंड्यावर ऊन रेंगाळतं, तसंच. खाली अंधारून आलेलं, वर ऊन, आणि त्या उन्हात सोडलेली सोडियमची वाफ. रस्त्यावरचे जुने पिवळे-केशरी दिवे आठवत असतील तर रंग तोच. ते ढग वाऱ्याबरोबर सरकत गेले, वाकडेतिकडे झाले, आणि वेगवेगळ्या ठिकाणांहून काढलेल्या छायाचित्रांवरून तिथल्या वाऱ्याचा वेग आणि दिशा काढता आली. तिरुवनंतपुरमच्या लोकांनी घराबाहेर येऊन आभाळात केशरी उजेड पाहिला. देशाचा पहिला आकाशकंदील म्हणायला हरकत नाही.

चिटणीसांचं दुसरं मोठं काम म्हणजे साइट, उपग्रहावरून खेड्यांत टेलिव्हिजन पोचवण्याचा प्रयोग. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, बरोबर एक वर्ष. सहा राज्यांतली २४०० गावं. साराभाईंनी स्वप्न पाहिलं, पण १९७१ च्या अखेरीस ते अकाली गेले. अहमदाबादेत यशपाल यांच्या नेतृत्वाखाली ते पुरं झालं आणि कार्यक्रमाची व्यवस्था चिटणीसांकडे होती. (सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणूनही आपल्याकडे ही गोष्ट फारशी सांगितली जात नसेल.) ज्या गावांत हा प्रयोग झाला त्यांतल्या कित्येकांत सिनेमाचं थिएटर तर सोडाच, वर्तमानपत्रही येत नव्हतं. शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात एक संच, समोर अख्खं गाव. सकाळी मुलांसाठी, संध्याकाळी शेती, आरोग्य, मनोरंजन.

आणि संचाच्या बाजूला तीन मीटर व्यासाची छत्री. ती होती कोंबड्यांच्या जाळीची. खुराड्याला लावतात ती, षटकोनी भोकांची, गावच्या बाजारात मिळणारी.

छत्तीस हजार किलोमीटरवरून येणारा संदेश जाळीने धरायचा म्हणजे चाळणीने पाणी भरण्यासारखं वाटतं. पण लहरीच्या दृष्टीने भोक मोठं की लहान हे तिच्या स्वतःच्या लांबीवर ठरतं. साइटचा उपग्रह, अमेरिकेचा एटीएस-६, सुमारे ८६० मेगाहर्ट्‌झवर बोलत होता. त्या लहरीची लांबी साधारण ३५ सेंटीमीटर, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंत अंतर मोजलं तर त्याहून थोडी जास्त. एवढ्या लांब लहरीला दोन-तीन सेंटीमीटरची भोकं दिसतच नाहीत. तिच्या लेखी जाळी म्हणजे गुळगुळीत आरसा. ती त्यावर आपटते आणि परावर्तित होऊन मधल्या ग्राहकाकडे जाते. प्रकाशाच्या लहरी मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही आखूड, त्यांना तीच भोकं गावच्या वेशीएवढी. म्हणून आपल्याला जाळीपलीकडची कोंबडी दिसते. घरात मायक्रोवेव्ह असेल तर त्याच्या दाराच्या काचेत बारीक भोकांचा पत्रा असतो तो पाहा. आतली लहर १२ सेंटीमीटरची, ती आतच राहते. उजेड बाहेर येतो आणि फुगणारी पोळी आपल्याला दिसते. तत्त्व एकच.

म्हणजे ती जाळी निव्वळ काटकसर नव्हती. उपग्रहावरची छत्री नऊ मीटरहून रुंद होती, संदेश जोरकस होता, लहर लांब होती. हे तिन्ही जुळवून घेतल्यावर खालच्या बाजूला खुराड्याची जाळी पुरेल हे कुणीतरी कागदावर गणित मांडून ठरवलं होतं. शिवाय भरीव पत्र्याची छत्री वाऱ्याने उडवली असती. जाळीतून वारा निघून जातो. वारा जाऊ द्यायचा, उजेड जाऊ द्यायचा, फक्त बातम्या अडवायच्या!

या प्रयोगातला एक संच कोलंबोलाही गेला होता. इस्रोच्या अभियंत्यांनी तो आर्थर क्लार्क यांच्या घरी बसवून दिला. विषुववृत्तावर छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्याच चालीने फिरतो, त्यामुळे तो आकाशात एका जागी टांगल्यासारखा दिसेल आणि त्याच्यामार्फत जगभर प्रक्षेपण करता येईल, हे क्लार्क यांनी १९४५ मध्येच लिहून ठेवलं होतं. विज्ञानकथा लिहिणाऱ्या माणसाच्या गच्चीवर त्याची जुनी कल्पना जाळीतून उतरली.

विज्ञानकथेवरून नारळीकरांकडे वळणं सोपं आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली. त्या वेळी नारळीकर मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि नाव एवढं मोठं होतं की परीक्षकांवर त्याचा दाब आलाच असता. म्हणून त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली. आद्याक्षरं पाहा: ना. वि. ज. उलटी वाचली की ज. वि. ना., जयंत विष्णू नारळीकर. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. मंगलाताई स्वतः गणितज्ञ. २०२३ मध्ये त्या गेल्या. ‘कृष्णविवर’ नावाच्या त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मराठीला एक लेखक मिळाला. हाच लेखक २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, जरी प्रकृतीमुळे तिथे जाणं जमलं नाही.

त्या बक्षिसापेक्षा मला पोस्टकार्डांची हकिकत जास्त आवडते. व्याख्यानानंतर मुलं वह्या घेऊन सहीसाठी गराडा घालत. नारळीकर त्यांना सांगत: सही हवी ना, मग पोस्टकार्डावर एक विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर पाठवीन, खाली सही असेलच. आणि ते पाठवत. या अटीत केवढी हुशारी आहे! पोस्टकार्ड हा प्रश्नाचा सगळ्यात कडक संपादक. तेवढ्या जागेत पाल्हाळ मावत नाही, आणि ते उघडंच असल्यामुळे पोस्टमनलाही वाचता येतं.

प्रश्न घालायची ही सवय त्यांना घरातूनच लागलेली असणार. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई सुमती संस्कृतच्या विदुषी. मोरूमामा म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार शिकायला त्यांच्याकडे राहायला होते, आणि घरातल्या फळ्यावर भाच्याच्या नावाने आव्हान म्हणून एक गणित लिहून ठेवत. उत्तर सापडेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत ते पुसायचं नाही. पुढे केंब्रिजला फ्रेड हॉयल नावाचा गुरू, म्हणजे दुसरा मामाच भेटला म्हणायचं. त्याच्या फळ्यावरचं गणित होतं अख्ख्या विश्वाचं.

१९६४ मध्ये हॉयल-नारळीकर सिद्धांताचा जगभर गाजावाजा झाला, आणि पुढच्याच वर्षी, २६ वर्षांच्या या मुलाला पद्मभूषण मिळालं. सिद्धांत काय होता हे मात्र तेव्हाही फार थोड्यांना कळलं असेल. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या अंगणातला आहे.

मंगळागौरीला दोघी फुगडी घालतात. वेग वाढला की हातांना ओढ लागते आणि वेणी मागे आडवी उडते. आता उलट कल्पना करा: दोघी स्तब्ध उभ्या आहेत आणि अख्खं अंगण, तुळशीवृंदावन, बघणाऱ्या बायका, असं सगळं त्यांच्याभोवती गरगर फिरतंय. डोळ्यांना दोन्ही वेळा सारखंच दिसेल. पण दुसऱ्या वेळी वेणी उडणार नाही. मग आपण फिरतोय, अंगण नाही, हे वेणीला कोण सांगतं?

न्यूटनचं म्हणणं होतं की अवकाश स्वतःच एक न हलणारी चौकट आहे आणि वेणी त्या चौकटीच्या संदर्भात फिरते. एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट माख याने हे नाकारलं. ज्याला पाहता येत नाही, धरता येत नाही, अशा चौकटीला काय अर्थ? त्याच्या मते वेणीला सांगतात ते दूरचे तारे. विश्वात दुसरं काहीच नसतं, फक्त फुगडी घालणाऱ्या दोघीच असत्या, तर ‘फिरणं’ या शब्दालाच अर्थ उरला नसता आणि वेणी निमूट पाठीवर पडून राहिली असती. हॉयल आणि नारळीकर यांनी हा विचार गणितात बसवायचा प्रयत्न केला. वस्तूचं जडत्व, म्हणजे तिला ढकलायला लागणारा जोर, ही तिची स्वतःची पुंजी नाही. विश्वातल्या सगळ्या वस्तूंनी मिळून तिला ते दिलेलं आहे. तुमच्या हातातल्या तांब्याचं जडत्व कुठल्या तरी न दिसणाऱ्या दीर्घिकांवरही अवलंबून आहे!

पुण्याच्या विद्यापीठाच्या आवारात नारळीकरांनी १९८८ पासून उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. चार्ल्स कोरियांनी तिची इमारत रचली. तिथे एक फुकोचा लंबक टांगलेला आहे. तो झुलतो, आणि झुलण्याची दिशा सावकाश वळत जाते. खरं तर लंबक आपली दिशा सोडायला तयार नसतो, खालची जमीन वळत असते. उत्तर ध्रुवावर असा लंबक सुमारे २४ तासांत पूर्ण फेरी मारतो. पुण्यात पृथ्वीच्या फिरकीचा साधारण तिसरा हिस्साच पायाखालच्या जमिनीच्या वाट्याला येतो, म्हणून इथे फेरीला ७५ तास लागतात. थुंब्याला टांगला तर पावणेसात दिवस. विषुववृत्तावर तो वळणारच नाही. नुसता लंबक पाहून आपण कुठल्या अक्षांशावर उभे आहोत हे काढता येतं. आणि मूळ प्रश्न पुन्हा तोच: हा लंबक नजर लावून बसलाय ती कुणावर? माख म्हणेल, ताऱ्यांवर. सगळ्या भौतिकशास्त्रज्ञांचं यावर आजही एकमत नाही.

छाप्या-काट्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती खरोखर थोडक्यातली आहे. २००८ मध्ये नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० पाठवायच्या. कोणती कुंडली कुठल्या गटातली, एवढंच सांगायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. डोळे मिटून नाणं उडवत गेलं तरी चाळीसपैकी सरासरी २० बरोबर येतातच. म्हणून आधीच ठरलं होतं की २८ किंवा जास्त बरोबर आले तर काही तरी आहे असं म्हणायचं. नाण्याला तेवढं यश शंभरात एकदाही मिळत नाही. सगळ्यात जास्त गुण मिळाले २४. सगळ्यांची सरासरी विसाच्याही खाली गेली. यात ज्योतिषांची टर उडवलेली नव्हती, त्यांच्याशी वाद घातलेला नव्हता. त्यांना फळ्यावर एक गणित लिहून दिलं होतं.

पण हाच माणूस दुसऱ्या टोकाच्या, बऱ्याच शास्त्रज्ञांना वेडगळ वाटणाऱ्या प्रश्नालाही तितक्याच गंभीरपणे भिडला. जीवसृष्टीची बीजं अवकाशातून पृथ्वीवर पडत असतील का? हॉयल यांचा तो आवडता विचार. नारळीकरांनी पुढाकार घेतला आणि २००१ मध्ये, मग पुन्हा २००५ मध्ये, इस्रोच्या मदतीने हैदराबादहून भलेमोठे बलून सोडले गेले. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा भरून आणायची होती. तिथे हवा इतकी विरळ की तोंड उघडून ठेवलेल्या बाटलीत जवळजवळ काहीच यायचं नाही. म्हणून निर्जंतुक केलेल्या, आतून पोकळी केलेल्या पोलादी नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवून पाठवल्या. ते शून्याखाली २४६ अंश थंड असतं. नळीचं झाकण उघडलं की बाहेरची हवा आत येते, भिंतीला लागून गोठते, जागा पुन्हा रिकामी होते, आणखी हवा आत येते. पंप नाही, नुसती थंडी श्वास घेते.

२००५ च्या नमुन्यांतून वाढवलेल्या जीवाणूंमध्ये तीन जाती विज्ञानाला नव्या निघाल्या. हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांनी त्या तपासल्या, २००९ मध्ये जाहीर झाल्या. एकीचं नाव इस्रोवरून, एकीचं आर्यभटावरून, आणि तिसरीचं जॅनिबॅक्टर हॉयली. पृथ्वीवरच्या त्यांच्या भाऊबंदांपेक्षा त्यांना अतिनील किरण जास्त सोसतात. त्या अवकाशातून आल्या असं मात्र यावरून ठरत नाही, आणि इस्रोनेही तसं स्पष्ट सांगितलं. खालूनच काही तरी त्यांना वर घेऊन गेलं असेल. पण ज्या उंचीवर विमानही जात नाही तिथे काही जिवंत तरंगत आहे, एवढंच मला पुरेसं वाटतं. गुरुदक्षिणा म्हणून गुरूच्या नावाचा जीवाणू, हे तर आपल्या कुठल्याच पुराणात नसेल.

आता पुन्हा दिवाळीकडे. पाडव्याच्या आदल्या रात्री अमावास्या असते. आकाशकंदिलाच्या वर पाहिलं की आभाळ काळंभोर. का? चंद्र नाही म्हणून, असं उत्तर मूल देईल आणि मोठी माणसंही देतील. पण दाट जंगलात उभं राहून कुठेही पाहिलं तर नजर कुठल्या ना कुठल्या खोडाला अडतेच, मोकळी फट उरत नाही. विश्व अनंत असेल आणि ताऱ्यांनी सगळीकडे सारखंच भरलेलं असेल, तर आपली नजरही प्रत्येक दिशेला शेवटी एखाद्या ताऱ्यावर अडली पाहिजे. मग सगळं आभाळ, रात्रीसुद्धा, सूर्याच्या तबकडीसारखं झगझगायला हवं. ओल्बर्स या जर्मन डॉक्टरने १८२३ मध्ये हा पेच मांडला. त्याचं नाव त्याला चिकटलं, जरी तो त्याच्याआधीही काहींना सुचलेला होता.

महास्फोटाच्या, म्हणजे ‘बिग बँग’च्या, सिद्धांताचं उत्तर असं: विश्वाला वय आहे, सुमारे १३.८ अब्ज वर्षं, आणि लांबच्या खोडांपासून निघालेला उजेड अजून आपल्यापर्यंत पोचलाच नाही. हॉयल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या स्थिर स्थितीच्या विश्वाला, ज्याची बाजू पुढे नारळीकरांनी लढवली, हे उत्तर चालत नव्हतं, कारण त्या विश्वाला सुरुवातच नाही. त्यांचं उत्तर निराळं: दीर्घिका एकमेकींपासून दूर पळतात, आणि पळणाऱ्या दिव्याचा उजेड ताणला जातो, लाल होतो, मंदावतो. जितका दूर, तितका मंद. मधे पडणाऱ्या रिकाम्या जागेत नवं द्रव्य उपजत राहतं, आणि विश्व कायम सारखंच दिसतं. किती द्रव्य? एका घन किलोमीटरमध्ये वर्षाकाठी साधारण हायड्रोजनचा एखादा अणू. एवढं थोडं की कुठल्याही प्रयोगशाळेत ते पकडणं शक्य नाही. ‘बिग बँग’ हा शब्दही प्रतिपक्षाचाच. हॉयल यांनी १९४९ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर तो वापरला.

१९६५ मध्ये पेंझियास आणि विल्सन यांना आभाळाच्या प्रत्येक दिशेकडून येणारी एक मंद सूक्ष्मलहरी खरखर सापडली, आणि बहुतेकांच्या मते खटला तिथेच निकालात निघाला. तरुण, तापलेल्या विश्वाची ती उरलेली धग होती. नारळीकरांना हे मान्य नव्हतं. हॉयल आणि बर्बिज यांच्याबरोबर १९९३ मध्ये त्यांनी सुधारलेला सिद्धांत मांडला, त्या धगीचा दुसरा अर्थ लावून पाहिला, आणि अखेरपर्यंत अल्पमतात राहिले. माझ्यासारख्या वाचकाला आज उपलब्ध असलेला पुरावा पाहून वाटतं की या एका बाबतीत ते चुकले. पण त्यांनी फळ्यावरचं गणित हार मानून पुसलं नाही, आणि विरोधकांना त्यासाठी अधिक काटेकोर मोजमापं करावी लागली.

तर आभाळ काळं आहे असं आपण म्हणतो, पण खरं तर ते काळं नाही. ते झगझगतंच आहे, प्रत्येक दिशेला, एकसारखं. फक्त ताणून ताणून ती लहर दीड-दोन मिलिमीटरची झाली आहे आणि तिचं तापमान उरलंय निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम पावणेतीन अंश. आपल्या डोळ्यांना ती दिसत नाही. साइटच्या चोवीसशे गावांत, शाळेच्या आवारात आकाशाकडे तोंड करून ठेवलेल्या त्या जाळीच्या छत्र्यांवरही ती वर्षभर रात्रंदिवस पडत होती, आणि भोकांतून बहुतेक सगळी आरपार निघून जात होती.